चांदीच्या नॅनोकणांनी पेशी मेल्या, पण नेमकं मारलं कुणी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तुळशीच्या पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण केले. आकार साधारण २० नॅनोमीटर. हेला पेशींवर (गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या, लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या पेशी) २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर एवढी मात्रा दिल्यावर २४ तासांत निम्म्या पेशी मेल्या, असं एमटीटी ही जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी सांगते. गाइड म्हणतात, ‘कर्करोगविरोधी गुणधर्म सिद्ध झाले’ असं लिहा. विषारी कोण, कण की त्यांतून सुटणारे आयन? आणि आई रोज चांदीच्या पेल्यातून पाणी पिते, ते बंद करायला सांगावं का?

आईचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. पेला चालू राहू द्या. त्याबद्दल शेवटी लिहितेच. तुमच्या प्लेटचं, म्हणजे पेशी वाढवायच्या खळग्यांच्या ताटलीचं, मात्र एवढं सोपं नाही.

निम्म्या पेशी मेल्या, हे खरंही असेल. पण त्यांना कणांनी मारलं, आयनांनी मारलं, अर्कानं मारलं की प्लेट-रीडरनं (प्लेटमधला रंग मोजणाऱ्या यंत्रानं) कागदावरच मारलं, हे तुमच्या आलेखावरून कुणालाच सांगता येणार नाही. गेली वीस-बावीस वर्षं मी पेशीसंवर्धनाच्या लॅबमध्ये काढली आहेत आणि धातूंच्या कणांबाबत एक गोष्ट मला पक्की कळली आहे: बाटलीत भरलेला कण आणि पेशीला प्रत्यक्ष भेटणारा कण एकच नसतो. वाटेत त्याचं बरंच काही होतं. ‘विषारी आहे का’ या प्रश्नाचं उत्तर त्या वाटेत दडलेलं असतं.

सुरुवातीच्या काळातली माझी एक चूक सांगते. एका बॅचचे आकडे फार देखणे आले होते. मात्रा वाढेल तशी जिवंत पेशींची टक्केवारी शिस्तीत खाली उतरत गेलेली, पाठ्यपुस्तकात छापावी अशी वक्ररेषा. मी खूश. एका वरिष्ठ सहकाऱ्यानं सहज विचारलं, “वरचं पाणी टाकून बघितलंस का?” म्हणजे कण गाळून काढायचे, उरलेलं नितळ, बिनरंगी पाणी घ्यायचं आणि तेच तेवढ्याच मापानं पेशींवर टाकायचं. टाकलं. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली प्लेट ठेवली, तर त्या वेलमधल्या (प्लेटवरच्या खळग्यातल्या) पेशी तळ सोडून गोल-गोल होऊन तरंगत होत्या. त्या वेलमध्ये एकही कण नव्हता. अभिक्रियेत पूर्ण न खपलेलं सिल्व्हर नायट्रेट उरलं होतं आणि मी कण नीट धुतलेच नव्हते. चार महिन्यांचं काम त्या एका प्रश्नानं पाण्यात गेलं, शब्दशः.

तर पहिलं काम हे करा. आणि करताना एक लक्षात ठेवा: २० नॅनोमीटरचे कण टेबलावरच्या साध्या सेंट्रिफ्यूजमध्ये पूर्णपणे खाली बसत नाहीत. वरचं पाणी पिवळसर दिसत असेल तर त्यात कण आहेतच. तीन किलोडाल्टनची, म्हणजे कण अडवून आयन जाऊ देणारी, गाळणी असलेल्या नळ्या मिळतात, त्या वापरा. महाग आहेत, पण विद्यापीठातल्या कुठल्या ना कुठल्या प्रथिनवाल्या लॅबमध्ये दोन-चार उसन्या मिळतातच.

आता आयन की कण. चांदीच्या बाबतीत या प्रश्नाचं बऱ्यापैकी स्वच्छ उत्तर जिवाणूंवरच्या कामातून आलं. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या गटानं २०१२ मध्ये एक साधी, पण डोकेबाज गोष्ट केली. चांदीच्या पृष्ठभागावरून आयन सुटायला ऑक्सिजन लागतो, कारण आधी धातूचं ऑक्सिडीकरण व्हावं लागतं. त्यांनी ऑक्सिजनच काढून टाकला. ई. कोलाय जिवाणू आणि चांदीचे नॅनोकण पूर्ण ऑक्सिजनविरहित पेटीत एकत्र ठेवले. आयनांची जी मात्रा त्या जिवाणूंना मारते तिच्या हजारो पट कण घातले, तरी जिवाणू जिवंत राहिले. हवा लागू दिली की तेच कण पुन्हा घातक. म्हणजे जिवाणूंपुरता तरी कण हा नुसता साठा आहे, मारतो तो आयन.

माणसाच्या पेशींचं गणित याहून थोडं गुंतागुंतीचं आहे. जिवाणू कण गिळत नाही. आपल्या पेशी गिळतात. पेशीचं आवरण आत वळतं, कणाभोवती पिशवी तयार होते आणि ती पिशवी शेवटी लायसोसोममध्ये जाऊन मिळते. लायसोसोम म्हणजे पेशीचं पचनाचं पोट. तिथला पीएच साडेचार ते पाचच्या आसपास, म्हणजे चांगला आंबट. बाहेरच्या माध्यमात, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यात, पीएच ७.४ ला जो कण हळूहळू झिजत होता तो इथे भराभर विरघळतो. बाहेरून आयन टाकले असते तर पेशीनं त्यांना आवरणाशीच थोपवून धरलं असतं, निदान थोडे तरी. इथे मात्र तिनं स्वतःच्या हातानं पुडी आत नेली आणि ती पोटात फुटली. परदेशी निबंधांत याला ट्रोजन घोड्याची उपमा देतात. मला आपला शाहिस्तेखानाचा लाल महाल आठवतो. लग्नाची वरात म्हणून शहरात शिरले आणि मुक्कामात उतरल्यावर खरं रूप दाखवलं.

आत सुटलेला चांदीचा आयन गंधकावर तुटून पडतो. प्रथिनांमध्ये सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्याच्या टोकाला गंधक. पेशीचं मुख्य संरक्षक रसायन ग्लुटाथायोन, त्याच्याही टोकाला गंधकच. चांदी त्याला चिकटली की ग्लुटाथायोन खर्ची पडतं, मायटोकॉन्ड्रियातली इलेक्ट्रॉनांची वाहतूक विस्कटते, ऑक्सिजनचे आक्रमक रेणू वाढतात आणि शेवटी डीएनएलाही धक्का लागतो. पेशी गप्प बसत नाही. ती मेटॅलोथायोनिन नावाचं गंधकानं भरलेलं छोटं प्रथिन भराभर बनवते आणि चांदीला त्यात अडकवून ठेवते. कमी मात्रेत पेशी यातून सावरते, जास्त मात्रेत सावरत नाही. घरातली चांदी काळी का पडते, तर हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे सिल्व्हर सल्फाइड बनतं म्हणून. देव्हाऱ्यातल्या निरांजनाचं आणि पेशीतल्या प्रथिनाचं रसायनशास्त्र इथे एकच आहे. आणि सिल्व्हर सल्फाइड जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे गंधकाचा थर चढलेला कण बराच निरुपद्रवी होतो. सांडपाण्यात गेलेल्या चांदीचं बहुतांश हेच होतं.

इथे तुमच्या बाटलीच्या वयाचा प्रश्न येतो. कण केव्हा केले आणि पेशींवर केव्हा टाकले? तुम्ही लिहिलेलं नाही. जर्मनीतल्या एका गटानं २०१० मध्ये दाखवलं की साठवणीत ठेवलेले चांदीचे कण हळूहळू आयन सोडत राहतात आणि त्यामुळे शिळे कण ताज्यापेक्षा जास्त विषारी ठरतात. कण तेच, लेबल तेच, आणि परिणाम वेगळा. लोणचं मुरतं तशी बाटली मुरते. जून महिन्यात केलेली बॅच डिसेंबरमध्ये पुन्हा वापरून ‘पुनरावृत्ती केली’ असं लिहिणारे प्रबंध मी तपासले आहेत.

माध्यमात काय होतं ते स्वतः एकदा बघाच, त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. तीन काचेच्या नळ्या घ्या. एकीत शुद्ध पाणी, दुसरीत सिरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) नसलेलं नेहमीचं संवर्धन माध्यम (फिनॉल रेड हा रंग नसलेलं असेल तर उत्तम), तिसरीत तेच माध्यम दहा टक्के सिरमसह. तिन्हींमध्ये सारखेच कण टाका आणि खिडकीपाशी धरा. पाण्यातली नळी पिवळी राहील, केशर घातलेल्या पातळ दुधासारखी, कारण सुटे असलेले चांदीचे कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात. सिरम नसलेल्या नळीतला पिवळेपणा बहुतेक वेळा बघता बघता मळत जातो, राखाडी होतो आणि तासाभरात तळाला काळसर साका दिसतो. माध्यमातल्या क्षारांनी कणांचा आपसातला दुरावा मोडला आणि ते एकमेकांना चिकटले. सिरमवाली नळी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. अल्ब्युमिनसारखी प्रथिनं कणावर झूल चढवतात आणि त्याला सुटा ठेवायला मदत करतात. या झुलीला कोरोना म्हणतात. डब्लिन आणि लुंड इथल्या गटांनी २००७ पासून यावर जे काम केलं त्यातून एक गोष्ट ठसली: पेशीला धातू दिसतच नाही, तिला त्यावरची झूल दिसते. सिरम बदललं, त्याची टक्केवारी बदलली, की झूल बदलते आणि पेशी किती कण गिळणार तेही बदलतं.

तर ‘आकार २० नॅनोमीटर’ हा आकडा तुम्ही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात, वाळवलेल्या नमुन्यावर मोजला असेल. पेशींपुढे कदाचित ३०० नॅनोमीटरचे पुंजके गेले असतील. कण माध्यमात घालून, ३७ अंशांवर २४ तास ठेवून मग आकार मोजा. तो आकडा लिहा. पहिलाही लिहा, पण दोन्ही लिहा.

मात्रेबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ऐकायला किरकोळ वाटतं. ९६ वेलच्या प्लेटमध्ये तुम्ही प्रत्येक वेलला १०० मायक्रोलिटर टाकलं असणार, म्हणजे २ मायक्रोग्रॅम चांदी. पेशी साधारण दहा हजार. प्रत्येक पेशीच्या वाट्याला २०० पिकोग्रॅम. कण २० नॅनोमीटरचे धरले तर एका पेशीमागे सुमारे ४५ लाख कण. हेला पेशीचं स्वतःचं वजन सुमारे अडीच हजार पिकोग्रॅम धरा. म्हणजे पेशीच्या वजनाच्या जवळजवळ आठ टक्के चांदी तिच्या दारात आणून ओतली. साठ किलोच्या माणसाच्या हिशेबात ती पावणेपाच-पाच किलो होते. सगळी आत जात नाही हे खरं, पण ‘कमी मात्रेत परिणाम’ असं लिहिण्याआधी हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवा.

पृष्ठभागाचंही तसंच. एक ग्रॅम चांदीचा घनाकृती ठोकळा केला तर त्याचा पृष्ठभाग सव्वा चौरस सेंटिमीटर. तीच एक ग्रॅम २० नॅनोमीटरच्या गोळ्यांत विभागली तर पृष्ठभाग २८ चौरस मीटरच्या पुढे, म्हणजे तीनशे चौरस फूट. चाळीतली दोन खोल्यांची जागा. आयन सुटतात ते पृष्ठभागावरून, म्हणून ग्रॅममध्ये सांगितलेली मात्रा आकार न सांगता काहीच सांगत नाही.

आणि टाकलेले कण पेशींपर्यंत पोचतात का? पेशी तळाला चिकटलेल्या असतात, वर माध्यम. बारीक कण तरंगत राहतात, जड पुंजके खाली बसतात. सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात २०११ मध्ये सोन्याच्या कणांवर झालेला प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी पेशींचा थर उलटा टांगला, म्हणजे पेशी वर आणि माध्यम खाली. कण तेच, मात्रा तीच. जे कण लवकर खाली बसतात, त्यांच्या बाबतीत सुलट्या पेशींनी उलट्यांपेक्षा जास्त कण गिळलेले दिसले. म्हणजे आपण ज्याला ‘पेशीची आवड’ समजत होतो ती बऱ्याच अंशी गुरुत्वाकर्षणाची करामत होती. तुमचे कण माध्यमात गोळा होत असतील तर ते बर्फीच्या थरासारखे पेशींवर बसतील आणि तिथली स्थानिक मात्रा तुमच्या कागदावरच्या आकड्याच्या कितीतरी पट असेल. मोजायचं असेल तर पेशी धुऊन, आम्लात विरघळवून त्यांतली चांदी मोजून घ्या. अशी मोजणी अनेक विद्यापीठांच्या उपकरण केंद्रांत नमुन्यामागे शुल्क देऊन होते.

एमटीटीकडे येते. ही चाचणी १९८३ पासूनची आहे, स्वस्त आहे, म्हणून सगळे करतात. पिवळं मीठ जिवंत पेशी जांभळं करतात, जांभळेपणा ५७० नॅनोमीटरला मोजायचा. पण तुमच्या प्रयोगात ती दोन्ही बाजूंनी फसवू शकते. गोळा झालेले चांदीचे कण स्वतःच ५७० च्या आसपास प्रकाश अडवतात, त्यामुळे मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. आणि तुळशीच्या अर्कातले पॉलिफिनॉल नावाचे वनस्पतिज रेणू पेशींच्या मदतीशिवाय एमटीटी जांभळं करू शकतात. विश्वास बसत नसेल तर रिकाम्या वेलमध्ये, पेशी न घालता, माध्यम, अर्क आणि एमटीटी एकत्र करून चार तास ठेवा. उलट दिशेनं, माध्यम काढून टाकताना सैल झालेल्या पण जिवंत पेशी पिपेटमधून निघून गेल्या की आकडा उगाच खाली येतो. मग दुसरी चाचणी म्हणून लोक एलडीएच करतात, पेशीच्या आवरणातून गळलेलं विकर मोजतात. त्यात वेगळीच गंमत: चांदी त्या विकरालाच निकामी करते. विकर गळतं, पण मोजलं जात नाही, आणि कण निर्धोक वाटतात.

मी विद्यार्थ्यांना सांगते की यंत्राआधी डोळे वापरा. प्लेट रीडरमध्ये सरकवण्याआधी दहा मिनिटं सूक्ष्मदर्शकाखाली बघा, फोटो काढा. पेशी पसरलेल्या आहेत की आक्रसल्या आहेत, पोटात काळे ठिपके दिसतात का, तळ मोकळा झालाय का. ट्रिपॅन ब्लू या मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या रंगानं हातानं मोजणी कंटाळवाणी आहे, पण तिला फसवणं अवघड. त्याहून प्रामाणिक म्हणजे वसाहतींची चाचणी: थोड्या पेशी पसरून दहा-बारा दिवस वाट बघायची आणि कितींनी वसाहती केल्या ते मोजायचं. प्रकल्पाच्या मुदतीत बसत नाही म्हणून कुणी करत नाही.

‘कर्करोगविरोधी’ या शब्दाला मी तुमच्या जागी हात लावणार नाही. हेला मेल्या म्हणून औषध सापडलं असं असतं तर फिनाइललाही कर्करोगविरोधी म्हणावं लागेल. प्रश्न असा की निरोगी पेशी त्याच मात्रेत किती तगतात. याचं चांगलं उदाहरण लांब शोधायला नको, पुण्यातच आहे. आघारकर संशोधन संस्थेतल्या गटानं २००८ मध्ये चांदीच्या ७ ते २० नॅनोमीटरच्या कणांवर काम प्रसिद्ध केलं. कर्करोगाच्या दोन पेशीवंशांत (लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशींत) निम्म्या पेशी मारणारी मात्रा सुमारे ११ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आली. पुढच्या वर्षी त्यांनी उंदरातून थेट काढलेल्या पेशी घेतल्या, तर संयोजी ऊतीच्या फायब्रोब्लास्टना ती मात्रा सुमारे ६१ लागली आणि यकृताच्या पेशींना सुमारे ४४९. एकाच गटाच्या हातून, आणि अकरापासून साडेचारशेपर्यंतचा पल्ला! यकृताच्या पेशींकडे ग्लुटाथायोनचा साठा मोठा असतो, रोजचं विष निस्तरणं हेच त्यांचं काम. या गटानं यापुढे जाऊन भाजलेल्या जखमांसाठी चांदीच्या कणांचं मलम तयार करण्यावर काम केलं, आणि हे सगळे विषारीपणाचे आकडे त्यासाठीच हवे होते: जिवाणूंना मारणारी आणि त्वचेच्या पेशींना सोसणारी, अशी मधली जागा किती रुंद आहे ते बघायला. विषारीपणा मोजायचा तो असा, कशासाठी हे आधी ठरवून.

तुम्हाला दुसरा पेशीवंश हवा असेल तर गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून रीतसर मागवा. शेजारच्या लॅबमधून ‘एक फ्लास्क दे ना’ म्हणून आणलेल्या पेशी नेमक्या कोणत्या आहेत याची खात्री नसते. हेलानं दुसऱ्या वंशांत घुसखोरी केल्याच्या तक्रारी जगभर अर्धशतक जुन्या आहेत.

तुळशीबद्दल चार शब्द, रागावू नका. दरवर्षी माझ्याकडे तुळस, कडुलिंब, कोरफड, शेवगा, अगदी कांद्याच्या सालीपासून केलेले चांदीचे कण येतात आणि सोबत ‘हरित पद्धतीनं केल्यामुळे सुरक्षित’ हे वाक्य येतं. अर्कानं सिल्व्हर नायट्रेटचं क्षपण केलं, म्हणजे आयनांची पुन्हा धातूची चांदी केली, एवढंच हिरवं आहे. आत चांदी ती चांदीच. उलट अर्कामुळे कणावर कोणकोणते रेणू बसलेत ते कळायला मार्ग राहत नाही, दर बॅचला पानं वेगळी, पाऊस वेगळा. शिवाय पानांच्या अर्कात जिवाणू असतात आणि त्यांच्या भित्तिकेतलं एंडोटॉक्सिन उकळून सहज जात नाही. उद्या तुम्ही मॅक्रोफेज पेशींवर (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशींवर) हे कण टाकले आणि त्यांनी दाहाचे संदेश सोडले, तर ते चांदीमुळे की एंडोटॉक्सिनमुळे? म्हणून नुसत्या अर्काचा, त्याच प्रमाणात पातळ केलेला, स्वतंत्र कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, हवाच.

सोन्याचं विचारलेलं नाही, तरी एक गोष्ट. सोनं विरघळत नाही, म्हणून ते निरुपद्रवी असा समज आहे आणि १५ नॅनोमीटरच्या कणांबाबत तो बहुतांशी खराही ठरतो. पण जर्मनीतल्या आखेन इथल्या गटानं २००७ मध्ये दाखवलं की १.४ नॅनोमीटरचे, म्हणजे अवघ्या पन्नास-पंचावन्न अणूंचे सोन्याचे पुंजके पेशींना चांगलेच घातक आहेत. त्या आकाराला सोनं सोन्यासारखं वागत नाही. तेव्हा ‘आयन सुटत नाहीत म्हणजे धोका नाही’ हे सूत्रही सगळीकडे लावू नका.

आता घरचं. माणसाच्या शरीरात चांदी साचली की होणारा ठळक परिणाम म्हणजे आर्जीरिया, त्वचा कायमची निळसर-राखाडी होणं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले राजकारणी स्टॅन जोन्स यांनी २००० साल उजाडताच संगणक बंद पडून औषधं मिळेनाशी होतील या भीतीनं १९९९ मध्येच घरी बनवलेली कोलॉइडल चांदी (पाण्यात तरंगणारे चांदीचे बारीक कण) प्यायला सुरुवात केली आणि २००२ ची सिनेटची निवडणूक निळ्या चेहऱ्यानं लढवली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९९ मध्येच अशी उत्पादनं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत असं जाहीर केलं होतं. इथे एक विलक्षण उलटापालट होते: आतड्यातून आयन म्हणून शोषलेली चांदी त्वचेपाशी पोचते, तिथे उजेडानं तिचं पुन्हा धातूच्या कणांत रूपांतर होतं आणि गंधक व सेलेनियमशी बांधली जाऊन ती तिथेच बसते. नॅनोकण न पिताही त्वचेत नॅनोकण तयार होतात.

जखमेच्या वाटेनंही चांदी आत जाते. २००६ मध्ये ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी तीस टक्के भाजलेल्या १७ वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली होती. नॅनोस्फटिकी चांदीच्या पट्ट्या लावल्यावर आठवडाभरात चेहऱ्यावर राखाडी छटा आली, यकृताची विकरं वाढली. पट्ट्या काढल्यावर ती पुन्हा उतरली. उघडी जखम म्हणजे अखंड त्वचा नव्हे, एवढं यातून घ्यायचं.

आता आईच्या पेल्याचा हिशेब. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची आयुष्यभर रोज चालणारी मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलोमागे ५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला ३०० मायक्रोग्रॅम. पेयजलासाठी भारतीय मानकात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात चांदी उतरते ती लिटरमागे मायक्रोग्रॅमांच्या हिशेबात. मला पेल्याच्या चांदीपेक्षा त्याच्या डागाची, म्हणजे सांधा जोडायला वापरलेल्या धातूची, जास्त काळजी वाटते. जुन्या भांड्यांच्या सांध्याला दिलेल्या डागात कॅडमियम असू शकतं. पेला जुना आणि बुडाला सांधा असलेला असेल तर ओळखीच्या सोनाराला दाखवा.

मिठाईवरच्या वर्खाचंही लगे हात सांगते, कारण कुणीतरी विचारणारच. अन्नसुरक्षा नियमांनुसार वर्खाचं वजन प्रति चौरस मीटर २.८ ग्रॅमपर्यंत चालतं. भागाकार केला तर जाडी २७० नॅनोमीटरच्या आसपास येते. पत्रा आहे, नॅनोकण नव्हे. चार सेंटिमीटर चौरस काजूकतलीवर अशी जास्तीत जास्त साडेचार मिलिग्रॅम चांदी. एका तुकड्यात रोजच्या मर्यादेच्या पंधरा पट, असं वाचून दचकू नका. ती मर्यादा आयुष्यभर रोजच्या सेवनाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं आयुष्यभरात एकूण १० ग्रॅमपर्यंत त्रास न होण्याचा अंदाज धरला आहे, म्हणजे अशा बावीसशे कतल्या, आणि वर्खातली चांदी मुख्यतः धातूच्याच रूपात बाहेर पडते. बावीसशे कतल्यांत साखर आधी त्रास देईल. कुणी कोलॉइडल चांदीचे थेंब ‘प्रतिकारशक्तीसाठी’ म्हणून आणून दिले असतील, तर ते मात्र बेसिनमध्येसुद्धा ओतू नका, बाजूला ठेवून द्या.

सगळ्यांत जास्त जपायचं ते खरं तर तुम्हाला. द्रावणातले कण तुमच्या फुप्फुसात सहसा जात नाहीत, पण वाळवलेली भुकटी जाते. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेनं २०२१ मध्ये १०० नॅनोमीटरपर्यंतच्या चांदीसाठी आठ तासांच्या कामात हवेत घनमीटरमागे ०.९ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली, उंदरांवरच्या श्वसनाच्या प्रयोगांत फुप्फुस आणि यकृतावर झालेले परिणाम बघून. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला नमुना द्यायचा म्हणून कण वाळवून चमच्यानं खरवडणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, पंखा चालू ठेवून. खरवडणं धूरपेटीत करा, साधा कापडी मास्क यासाठी पुरत नाही.

या आठवड्यात एकच प्लेट लावायला मिळाली, तर मी अशी लावली असती: धुतलेले कण, गाळणीखालचं पाणी, तेवढीच चांदी असलेलं सिल्व्हर नायट्रेट, नुसता अर्क, आणि पेशी नसलेल्या वेलमध्ये हे चारही, एमटीटीसह. सिल्व्हर नायट्रेट माध्यमातल्या क्लोराइडशी जुळून पांढुरकं होईल आणि काही चांदी सिरमच्या प्रथिनांना चिकटेल, तेव्हा तेही ‘शुद्ध आयन’ समजू नका, फक्त तुलनेचा टेकू समजा. गाळणीखालच्या पाण्यानं पेशी मेल्या तर कण नीट धुऊन पुन्हा. नाही मेल्या आणि कणांनी मेल्या, तर लायसोसोमच्या वाटेचा संशय घेण्याजोगा आहे. मग पेशींच्या पोटातली चांदी मोजण्याइतका खर्च गाइडकडे मागायला तुमच्याजवळ कारण आहे.

तोपर्यंत प्रबंधात वाक्य एवढंच ठेवा: ‘दहा टक्के सिरम असलेल्या माध्यमात, अमुक दिवस जुन्या नमुन्यानं, २४ तासांत हेला पेशींची चयापचय-क्रिया निम्म्यावर आली.’ गाइड कुरकुरतील. ‘अमुक’च्या जागी बाटलीवरची तारीख बघून आकडा घाला, आणि बाटलीवर तारीखच नसेल तर नवीन बॅच करा.